स्मृतिभ्रंश आणि शुश्रूषेचे शिक्षण

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की, ती उच्चारताना वैद्यकशास्त्रातील एक विधान आपल्या तोंडून बाहेर पडत आहे, याची बोलणाऱ्यास कल्पनाही नसते. हिंदीत तर साठीवरून ‘सठियाना’ असे क्रियापदच तयार झाले आहे. वय झाले की बुद्धी क्षीण होणार, विसर पडणार, माणूस पुन्हा लहान मुलासारखा वागू लागणार, ही समजूत भारतात सर्वत्र आढळते. तिच्यामागील निरीक्षण खोटे नाही. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

साठ व त्याहून अधिक वयाच्या भारतीयांच्या एका देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या वयाच्या लोकांपैकी शेकडा ७.४ व्यक्तींना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज आहे. ही संख्या सुमारे ८८ लक्ष भरते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. आता, वार्धक्य आणि स्मृतिभ्रंश एकच असते, तर साठी ओलांडलेल्या शंभरांपैकी शंभरांना तो जडावयास हवा होता. प्रत्यक्षात नव्वदांहून अधिक लोक त्यापासून मुक्त असतात. तेव्हा वार्धक्य ही अवस्था होय आणि स्मृतिभ्रंश हा विकार होय. वाढत्या वयाबरोबर विकाराची शक्यता वाढते, एवढेच.

हा भेद सर्वांनीच जाणावयास हवा. परंतु तो जाणण्याची सर्वांत अधिक गरज ज्यांना आहे, त्यांत परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींची व विद्यार्थ्यांची गणना प्रथम करावी लागेल. रुग्णालयात वैद्य रुग्णाजवळ काही मिनिटे थांबतो. परिचारिका मात्र तेथे रात्रंदिवस असते. रुग्णाने जेवण का नाकारले, रात्री तो का ओरडला, सलाईनची नळी त्याने का उपसली, हे पाहणारी पहिली व्यक्ती तीच. तिने या घटनांचा काय अर्थ लावला, यावर रुग्णास वेदनाशामक औषध मिळणार की त्याचे हात खाटेस बांधले जाणार, हे अनेकदा ठरते.

एका रुग्णेच्या उशाशी

या विकाराच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभच मुळी रुग्णाच्या उशाशी बसून केलेल्या नोंदींतून झाला आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात आउगुस्टं डेटर नावाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिची स्मृती झपाट्याने ढासळत होती आणि ती पतीविषयी निष्कारण संशय घेत असे. अलॉइस अल्झायमर या वैद्याने तिला साधे साधे प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. पतीचे नाव विचारले असता तिने स्वतःचेच नाव सांगितले. नाव लिहावयास सांगितले, तेव्हा ते तिला पुरते जमेना. आणि आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे उद्गार तिने काढले.

१९०६ च्या एप्रिलमध्ये ती निवर्तली. तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून अल्झायमरने त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत आपले निष्कर्ष मांडले. १९१० साली एमील क्रेपेलीन याने आपल्या मनोविकारविषयक ग्रंथात या रोगास अल्झायमरचे नाव दिले. अल्झायमरने लिहिलेली त्या रुग्णेची मूळ कागदपत्रे पुढे हरवली होती. ती १९९५ साली पुन्हा सापडली.

डेटर ही तरुण म्हणावी अशाच वयाची असल्यामुळे एक गैरसमज मात्र दीर्घकाळ टिकून राहिला. अल्झायमरचा रोग म्हणजे मध्यम वयात क्वचित होणारा रोग, आणि वृद्धांचे विसरणे म्हणजे केवळ वयाचा परिणाम, असे मानले जाऊ लागले. १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ या संशोधकांनी मृत वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास केला. स्मृतिभ्रंश झालेल्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही अल्झायमरने वर्णिलेल्याच खुणा त्यांना आढळल्या. १९६८ साली हे संशोधन प्रसिद्ध झाल्यावर जुन्या समजुतीचा पाया शास्त्रज्ञांपुरता तरी ढासळला. सामान्य जनांत, आणि काही अंशी शिक्षणसंस्थांतही, ती अद्याप जीव धरून आहे.

मेंदूत काय घडते

स्मृतिभ्रंश हे एका रोगाचे नाव नसून एका लक्षणसमूहाचे नाव आहे. ज्याप्रमाणे ताप अनेक रोगांत येतो, त्याप्रमाणे स्मृतिभ्रंशही अनेक रोगांमुळे उद्भवतो. त्यांपैकी अल्झायमरचा रोग हा सर्वांत अधिक आढळणारा होय; एकूण रुग्णांपैकी शेकडा ६० ते ७० जणांत त्याचा वाटा असतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद पडल्याने किंवा फुटल्याने होणारा स्मृतिभ्रंश हा दुसरा महत्त्वाचा प्रकार आहे. याशिवाय लेवी या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कणांमुळे होणारा आणि मेंदूच्या पुढील भागास ग्रासणारा, असेही प्रकार आहेत.

अल्झायमरच्या रोगात दोन प्रकारची प्रथिने मेंदूत साचतात. एकाच्या चकत्या चेतापेशींच्या बाहेर जमतात, तर दुसऱ्याचे धाग्यांसारखे गुंते पेशींच्या आत होतात. पेशींमधील परस्परसंबंध तुटत जातात व अखेरीस पेशी मरतात. मेंदूच्या आतील बाजूस हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहानसा भाग आहे. नव्या घटनेची स्मृती तयार करणे हे त्याचे कार्य होय. हा भाग प्रारंभीच बाधित होत असल्यामुळे रुग्णास सकाळी कोण भेटावयास आले होते हे आठवत नाही. परंतु पन्नास वर्षांपूर्वीचे लग्न, शाळेतील शिक्षक किंवा लहानपणी पाठ केलेली आरती मात्र स्पष्ट आठवते. ‘आजोबांना सोयीचे तेवढे बरे आठवते’ असा टोमणा घरात मारला जातो, तो या वस्तुस्थितीच्या अज्ञानापोटीच.

ज्ञानाचे मोजमाप

परिचर्येच्या विद्यार्थ्यांना यांतील किती ठाऊक असते? हे मोजण्यासाठी अनेक प्रश्नावल्या तयार झाल्या आहेत. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील ब्रायन कार्पेंटर व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली ३० विधानांची एक कसोटी प्रसिद्ध केली. प्रत्येक विधान बरोबर की चूक, एवढेच विद्यार्थ्याने सांगावयाचे असते. रोगाची लक्षणे, त्याची वाटचाल, त्याचे दैनंदिन परिणाम, धोक्याची कारणे, निदान, उपचार आणि शुश्रूषा अशी तिची सात अंगे आहेत.

या व अशा कसोट्या निरनिराळ्या देशांत वापरल्या गेल्या. माल्टा विद्यापीठातील परिचर्या-विद्यार्थ्यांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. रुग्णांविषयी त्यांची वृत्ती अनुकूल होती. रोग कशामुळे संभवतो याविषयीचे ज्ञान मात्र तोकडे आढळले. भारतातील पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतही ज्ञान अपुरेच दिसून आले. विद्यार्थ्यांच्या मनात सहानुभूती असते, पण तिला दिशा देणारे ज्ञान कमी पडते, असा याचा अर्थ होतो.

अडखळण्याच्या जागा तपासल्या असता एक गोष्ट लक्षात येते. विस्मरण हे लक्षण कोणीही ओळखतो. परंतु उच्च रक्तदाबाचा या विकाराशी संबंध आहे, हे अनेकांना माहीत नसते. रुग्णाने तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारला असता ‘हे तुम्ही मघाशीच विचारले’ असे त्यास सुनावणे हिताचे नाही, याची जाणीव कमी असते. निदान होताच रुग्णाची निर्णयशक्ती संपुष्टात येते, असेही काहींना वाटते. वस्तुतः रोगाच्या प्रारंभीच्या काळात अनेक रुग्ण आपल्या उपचारांविषयी विचारपूर्वक मत देऊ शकतात.

रुग्णाची परीक्षा घेतानाही असाच विवेक लागतो. मानसिक अवस्थेची जगभर वापरली जाणारी ३० गुणांची एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिच्यात शंभरांतून सातसात वजा करावे लागतात आणि एक वाक्य लिहून दाखवावे लागते. जन्मात पाटी हाती न धरलेल्या शेतकऱ्यास ही चाचणी दिली, तर तो नापास होईल. पण त्यावरून त्याची बुद्धी भ्रंशली, असे कसे म्हणावे? हरियाणातील वल्लभगढ येथे भारतीय व अमेरिकन संशोधकांनी निरक्षर वृद्धांनाही उत्तरे देता येतील, अशी हिंदी चाचणी याच कारणास्तव तयार केली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली.

तीन अवस्थांची गल्लत

परिचारिकेने ज्यांत गल्लत करू नये, अशा तीन अवस्था आहेत : स्मृतिभ्रंश, तीव्र भ्रमावस्था आणि नैराश्य.

स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढत जातो. तीव्र भ्रमावस्था, जिला खेड्यांत ‘वात झाला’ असे म्हणतात, ती काही तासांत किंवा दिवसांत उद्भवते. रुग्णाचे लक्ष एका ठिकाणी ठरत नाही. तो घटकेत शुद्धीवर असल्यासारखा बोलतो, तर घटकेत भलतेच बरळतो. मूत्रमार्गातील किंवा फुफ्फुसातील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे, एखादे नवे औषध, शस्त्रक्रिया, तुंबलेली लघवी अशी त्याची कारणे असतात. ही अवस्था तातडीच्या उपचारांची असून कारण शोधून ते दूर केल्यास रुग्ण बहुधा पूर्ववत होऊ शकतो. नैराश्यात माणूस मंदावतो, प्रश्नांना ‘ठाऊक नाही’ एवढेच उत्तर देतो आणि त्यामुळे विस्मरण झाल्याचा भास होतो. त्यावरही उपचार आहेत.

अडचण अशी की, ज्यांना आधीच स्मृतिभ्रंश आहे, त्यांनाच तीव्र भ्रमावस्थेचा धोका सर्वांत अधिक असतो. अशा रुग्णाच्या कागदावर ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द एकदा लिहिला गेला की, त्याची प्रत्येक विक्षिप्त कृती त्या शब्दाच्या खात्यावर मांडली जाते आणि अंगातला ताप, फुप्फुसातला कफ नजरेआड होतो. ‘या कालपर्यंत अशाच होत्या काय?’ हा एक प्रश्न परिचारिकेने मुलीला किंवा सुनेला विचारला, तर अनेकदा निदानाची दिशाच बदलते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

वर्तन हीच भाषा

मांडीचे हाड मोडल्यामुळे रुग्णालयात आणलेल्या एका वृद्ध स्त्रीची कल्पना करावी. कूस बदलावयास गेले की ती हात झटकते, शिव्या देते, परिचारिकेस ओरबाडते. एक विद्यार्थिनी ‘रुग्णा भांडखोर आहे’ अशी नोंद करील. दुसरी असे विचारील, की शब्द हरवलेल्या माणसाने ‘दुखते आहे’ हे सांगावयाचे तरी कसे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. मांडीचे हाड मोडलेल्या रुग्णांविषयी न्यूयॉर्कमध्ये झालेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. ज्यांची बुद्धी शाबूत होती, त्यांच्या मानाने स्मृतिभ्रंशाच्या पुढच्या अवस्थेतील रुग्णांना मॉर्फिनसारखी वेदनाशामके केवळ एक-तृतीयांश प्रमाणात दिली गेल्याचे त्यात आढळले. मोडलेले हाड दोघांनाही सारखेच दुखावे. फरक एवढाच, की एकास ते मागता येत होते आणि दुसऱ्यास येत नव्हते. श्वासाची गती, कण्हणे, चेहऱ्यावरील आठ्या, शरीराचा ताठरपणा आणि समजूत घातल्यावर रुग्ण शांत होतो की नाही, या पाच गोष्टींवरून वेदनेस ० ते १० गुण देण्याची पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली. परिचारिकेची नजर हेच तिचे उपकरण होय.

पुनःपुन्हा विचारलेल्या प्रश्नाचेही असेच आहे. ‘माझा मुलगा कधी येणार?’ असे दहा वेळा विचारणाऱ्या वृद्धास आधीची नऊ उत्तरे मिळालेलीच नसतात, कारण ती साठविणारा मेंदूचा भाग निकामी झालेला असतो. त्याच्या दृष्टीने तो प्रश्न प्रत्येक वेळी पहिलाच असतो. मग शांतपणे उत्तर देऊन उपयोग काय? अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली याविषयी एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या रुग्णांना त्यांनी चित्रपटांतील काही दुःखद व काही आनंददायक तुकडे दाखविले. थोड्याच वेळात रुग्णांना त्यांतील फारसे काही आठवेना. परंतु त्यांनी जागविलेले दुःख किंवा आनंद मात्र मनात रेंगाळत राहिला. यावरून असे दिसते की, परिचारिकेचे शब्द रुग्ण विसरेल. तिच्या रागाने बसलेला धक्का आणि तिच्या मायेने लाभलेला दिलासा मात्र त्याच्याजवळ काही काळ राहील.

घर हेच रुग्णालय

भारतात या विकाराचे बहुसंख्य रुग्ण रुग्णालयात नव्हे, तर घरी असतात. त्यांचा भार मुख्यतः पत्नी, मुलगी किंवा सून वाहते. या संदर्भात गोव्यात झालेले संशोधन विशेष महत्त्वाचे आहे. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांच्या परिचयाची होती; परंतु ती वार्धक्याची नेहमीची परिणती मानली जात असे, किंवा मुलांनी आईवडिलांची आबाळ केल्याचा, त्यांना प्रेम न दिल्याचा तो परिणाम समजला जात असे. म्हणजे जी सून दिवसरात्र खपते, तिच्याच माथी दोष येत होता.

पुढे गोव्यातच ८१ कुटुंबांचा एक प्रयोग करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. कोकणी वाचता-लिहिता येणाऱ्या स्थानिक कार्यकर्त्यांना सुमारे आठवड्याचे शिक्षण देऊन रुग्णांच्या घरी पाठविण्यात आले. ते सहा महिने नियमाने जात, विकाराची माहिती देत, रुग्णाच्या अडचणीच्या वागण्यास कसे तोंड द्यावे हे समजावीत आणि सांभाळणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकून घेत. मनोविकारतज्ज्ञाचे मार्गदर्शन त्यांच्या पाठीशी होते. अशी मदत मिळालेल्या कुटुंबांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसून आले. आठवड्याच्या शिक्षणाने जर एवढे साधते, तर काही वर्षे परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थिनीने कुटुंबास किती आधार द्यावा!

वर्गाबाहेरील पाठ

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली सुधारलेल्या पदवी अभ्यासक्रमात वृद्धांची शुश्रूषा आणि मेंदूच्या विकारांतून उद्भवणारे मनोविकार या दोहोंचा समावेश आहे. परंतु व्याख्यानातून रोग समजतो; रोगी समजावयास त्याचा सहवास लागतो. हे ध्यानी घेऊन इतरत्र काही उपक्रम झाले. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने १९९८ साली वैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची प्रारंभीच्या अवस्थेतील रुग्णांशी मैत्री जुळवून देणारी योजना सुरू केली. इंग्लंडच्या दक्षिण भागात २०१४ साली सुरू झालेल्या एका योजनेत वैद्यक व परिचर्या यांचे विद्यार्थी जोडीने एकाच रुग्णाच्या घरी दोन वर्षे काही महिन्यांच्या अंतराने जातात. तेथे ते तपासणी करीत नाहीत, ऐकतात. रुग्ण व त्याचे कुटुंब येथे शिक्षक असते.

अशा सहवासात जे शिकावयास मिळते, त्याचे शास्त्र ब्रॅडफर्ड विद्यापीठातील टॉम किटवुड यांनी १९९७ साली आपल्या ग्रंथात मांडले. रुग्णाचा ऱ्हास केवळ मेंदूच्या झिजेने होत नाही; भोवतालच्या माणसांच्या वागण्यानेही तो वाढतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. रुग्णास मुलासारखे वागविणे, त्याच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणे, त्याला झेपणार नाही इतक्या घाईने त्यास कपडे घालणे किंवा भरविणे, या गोष्टी वाईट हेतूने केल्या जात नाहीत; तरी त्यांनी माणसाचे माणूसपण हिरावले जाते. ज्यास आयुष्यभर सारे गाव ‘मास्तर’ म्हणत आले, त्यास खाट क्रमांक नऊ म्हणून ओळखण्याऐवजी ‘मास्तर’ म्हणून हाक मारणे, त्याचा चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवणे, एका वेळी एकच सोपी सूचना देणे, या लहानशा गोष्टींतच ही शुश्रूषा सामावलेली आहे.

या विकारास समूळ बरे करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध प्रारंभीच्या अवस्थेतील अल्झायमरच्या रुग्णांत ऱ्हासाची गती काहीशी मंद करते, थांबवीत नाही. दुसऱ्या बाजूस, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या मंडळाने २०२४ साली असे दाखविले की, शिक्षणाचा अभाव, बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा, दूषित हवा यांसारख्या चौदा कारणांचे निवारण केल्यास जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबविता येणे शक्य आहे. मुलीस शाळेत पाठविणे आणि वृद्धाच्या कानाची वेळीच तपासणी करणे, हीदेखील मेंदूच्या रक्षणाची कामे आहेत, असा याचा अर्थ होतो.

परंतु ज्यांना हा विकार आजच जडलेला आहे, त्यांना उद्याच्या औषधाची वाट पाहण्यास सांगून भागणार नाही. त्यांच्या वाट्याला येणारे औषध म्हणजे त्यांच्या उशाशी उभी असलेली, त्यांचे वागणे वाचू शकणारी व्यक्ती. ती व्यक्ती तयार करणे हे परिचर्येच्या शिक्षणाचे काम आहे. आणि त्या शिक्षणात पुस्तकी उत्तरांइतकेच महत्त्व रुग्णाजवळ घालविलेल्या घटकांना मिळाले, तर लक्षावधी वृद्धांचे उरलेले दिवस अधिक सुसह्य होतील.